स्वस्त कपडा आणि कापसाचा धनी

नंदुरबार जिल्हा हा कापसाचा जिल्हा आहे आणि तो कपडा विकत घेणाऱ्या गरिबांचाही जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. तापीकाठच्या सपाटीवर कापूस पिकतो. सातपुड्याच्या कुशीतील पाड्यांतून माणसे तो वेचावयास खाली उतरतात. आणि त्याच कापसापासून कोठेतरी दूर तयार झालेला कपडा, शिवून, घडी घालून, किमतीची चिठ्ठी लावून, पुन्हा याच जिल्ह्याच्या बाजारात विक्रीस येतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तयार कपड्यांच्या व्यापाराचे स्वरूप पुष्कळच पालटले आहे. शहरांतून मोठमोठे सुपरमार्केट उभे राहिले. साखर, तेल, साबण यांच्याच छपराखाली सदरे, विजारी, लहान मुलांचे झबले-टोपरे आणि साड्या मांडलेल्या दिसू लागल्या. दीडशे-दोनशे रुपयांत अंगभर कपडा मिळू लागला. ही गोष्ट सामान्य माणसाच्या दृष्टीने दिलासा देणारी आहे यात शंका नाही. तथापि, इतक्या कमी किमतीत कपडा मिळतो तरी कसा, आणि त्या स्वस्ताईचा भार शेवटी कोणावर पडतो, हे प्रश्न विचारात घेणे अगत्याचे आहे. विशेषतः नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ते अधिकच अगत्याचे ठरते. कारण येथे कापूस पिकविणारा, तो वेचणारा आणि स्वस्त कपड्याची वाट पाहणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो.

स्वस्त कपड्याची गरज

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. स्वस्त कपडा ही निंदेची वस्तू नव्हे. अन्न आणि निवारा यांच्याच पंक्तीला वस्त्राची गणना होते. गरिबाला परवडेल अशा दरात कापड मिळावे म्हणून स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने सातत्याने प्रयत्न केले. १९६० च्या दशकात मोठ्या गिरण्यांवर त्यांच्या उत्पादनापैकी काही भाग ठरावीक दराच्या नियंत्रित कापडाच्या रूपाने काढण्याचे बंधन घालण्यात आले. १९७६ मध्ये हातमागावरील जनता कापडाची योजना सुरू झाली आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने नियंत्रित कापडाची जबाबदारी हातमाग क्षेत्राकडे सोपविली. या योजना आता इतिहासजमा झाल्या आहेत. परंतु गरिबाच्या अंगावर धड वस्त्र असणे ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांच्या मुळाशी होते आणि ते आजही जुने झालेले नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात कपड्यांच्या खरेदीचा मोठा हंगाम म्हणजे होळीपूर्वीचा. ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी आणि इतर मजुरीसाठी दक्षिण गुजरातेत व अन्यत्र गेलेली अनेक कुटुंबे होळीच्या सुमारास परततात. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांतून कपड्यांच्या दुकानांवर गर्दी उसळते. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला सणासाठी एकदमच कपडे घ्यावयाचे असतात आणि मुकादमाची उचल फिटून हाती उरलेली रक्कम मोजकीच असते. अशा वेळी दोनशे रुपयांचा सदरा आणि पाचशे रुपयांचा सदरा यांतील अंतर हे आवडीनिवडीचे अंतर राहत नाही. घरातील धाकट्या मुलाला नवा कपडा मिळेल की थोरल्याचा जुना, याचा निर्णय त्या अंतरावर होत असतो. म्हणून स्वस्त कपड्यांवर बहिष्कार घालावा असा उपदेश या जिल्ह्यात कोणी केला तर तो भरल्या पोटाचा उपदेश ठरेल.

परंतु याच चित्राची दुसरीही बाजू आहे. अडीचशे रुपयांची विजार सहा महिन्यांत विरली आणि सहाशे रुपयांची दोन वर्षे टिकली, तर पहिलीचा खर्च महिन्याला सुमारे ४२ रुपये आणि दुसरीचा २५ रुपये पडतो. म्हणजे जी स्वस्त म्हणून घेतली तीच महाग ठरते. हा हिशेब गरीब ग्राहकाला कळत नाही असे नव्हे. एकरकमी सहाशे रुपये हाती नसल्यामुळे तो हिशेब त्याला पाळता येत नाही, एवढेच. हातात रोकड नसणे हाच गरिबावरचा एक कर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वस्ताई येते कोठून?

सुपरमार्केटातील कपडा स्वस्त असण्याची कारणे दोन प्रकारची आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिल्या प्रकारची कारणे सचोटीची आहेत. एकाच रंगाचे, एकाच बेताचे लाखो नग एकदम तयार केले, तर प्रत्येक नगामागील खर्च घटतो. यंत्राने एकाच वेळी कापडाचे अनेक थर कापले जातात. शिलाईच्या कामाची वाटणी होऊन एक कारागीर केवळ बाही लावतो, तर दुसरा केवळ गळा शिवतो. मोठा खरेदीदार माल पुरविणाऱ्याला लवकर पैसे चुकते करून दरात सवलत मिळवितो. मधले आडते कमी होतात. दुकानात सजावटीवर खर्च होत नाही आणि ग्राहक स्वतःच्या हाताने माल उचलतो. या सर्व मार्गांनी होणारी बचत खरी बचत असून तिचा लाभ ग्राहकाला मिळाला तर त्यात कोणाचेही नुकसान नाही.

सुपरमार्केटच्या हिशेबातील एक गोष्ट मात्र सामान्यतः ध्यानात येत नाही. किराणा मालावर दुकानदाराला मिळणारा नफा अत्यल्प असतो. कारण साखरेचा आणि तेलाचा भाव प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतो. कपड्याच्या बाबतीत तशी तुलना करणे अवघड असते. त्यामुळे कपड्यांवरील नफ्याचे प्रमाण किराण्यापेक्षा बरेच अधिक ठेवता येते. तात्पर्य, दोनशे रुपयांचा सदरा दुकानदार तोट्यात विकत असतो ही समजूत चुकीची आहे. उलट, साखर स्वस्त देऊन ग्राहकाला दुकानात आणावयाचे आणि कपड्यांवर कमाई करावयाची, असा हा व्यवहार असतो. साहजिकच, कपडा तयार करणाऱ्याला चार पैसे अधिक देण्यास वावच नाही, हे म्हणणे सरसकट मान्य करता येत नाही.

दुसऱ्या प्रकारची कारणे निराळी आहेत. कारागिराला ठरलेल्या वेतनापेक्षा कमी देणे, जादा तासांचा मोबदला बुडविणे, धोक्याच्या इमारतीत काम करविणे, रंगाचे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत सोडणे, शेतकऱ्याच्या मालात वजनकाट्यावर घट धरणे या मार्गांनीही वस्तू स्वस्त होते. पण येथे खर्च वाचलेला नसतो. तो केवळ दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला असतो. ग्राहकाच्या पावतीवर तो दिसत नाही, इतकेच. स्वस्त कपड्यांविषयीचा नीतीचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या स्वस्ताईपुरता आहे.

एका सदऱ्याचा हिशेब

हा विषय अंकांच्या साहाय्याने समजून घेणे सोपे जाईल. १९९ रुपयांना मिळणारा एक साधा, गोल गळ्याचा सुती टी-शर्ट उदाहरणादाखल घेऊ. त्याचे वजन सुमारे १६० ग्रॅम असते असे धरू. कापड विणताना व बेतताना होणारी घट आणि सूत काढताना गिरणीत होणारी घट लक्षात घेतली, तर त्यासाठी साधारणपणे २१५ ग्रॅम रुई लागेल. एक क्विंटल कापसापासून जिनिंगमध्ये सुमारे ३४ किलो रुई निघते. उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. म्हणजे या टी-शर्टसाठी सुमारे ६३० ते ६४० ग्रॅम कापूस लागला. केंद्र शासनाने २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाची ८,११० रुपये ठरविली. मध्यम धाग्याचा दर धरला, तर या टी-शर्टातील कापसाचे शेतकऱ्याला सुमारे ४९ रुपये मिळावयास हवेत. व्यापाऱ्याने आधारभूत किमतीहून कमी भाव दिला, तर अर्थातच त्याहून कमी.

या ४९ रुपयांतूनच बियाणे, खते, फवारणी, निंदणी आणि वेचणी यांचा खर्च भागवावा लागतो. वेचणीची मजुरी वजनावर दिली जाते. किलोमागे १० रुपये दर धरला, तर एका टी-शर्टपुरता कापूस वेचणाऱ्या मजुराच्या वाट्याला सहा रुपयांच्या आसपास रक्कम येते. वेचणीचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. सकाळच्या दवात भिजलेली बोंडे वेचली तर कापूस ओला म्हणून भाव घटतो आणि ऊन चढल्यावर वाळलेली पाने-काडी कापसात चिकटते. त्यामुळे स्वच्छ माल देण्याची जबाबदारीही वेचणाऱ्या हातांवरच येऊन पडते.

आता वस्तू व सेवा कराचा विचार करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर हा कर ५ टक्के आहे. १९९ रुपयांत कर समाविष्ट असेल तर तो साडेनऊ रुपयांच्या जवळपास होतो. कापूस आणि कर वजा जाता सुमारे १४० रुपये उरतात. त्यांतून जिनिंग, सूतकताई, विणाई, रंगाई, शिलाई, वेष्टन, वाहतूक, गोदाम, दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, व्याज, न खपलेल्या मालाचा तोटा आणि प्रत्येक टप्प्यावरचा नफा भागवावयाचा असतो.

शिलाईचा वाटा यात किती? असा टी-शर्ट शिवण्यास कारखान्यातील साखळीत सर्व कारागिरांचा मिळून सुमारे दहा मिनिटांचा वेळ जातो असे मानू. महिना १२,००० रुपये वेतन, २६ दिवस आणि दिवसाला ८ तास काम धरले, तर तासाला ५८ रुपये आणि दहा मिनिटांना सुमारे साडेनऊ रुपये पडतात. म्हणजेच टी-शर्टच्या विक्रीच्या किमतीत शिवणाऱ्याची मजुरी पाच टक्क्यांच्या आत-बाहेर असते. ही मजुरी एक-चतुर्थांशाने वाढविली, तरी टी-शर्टमागे केवळ अडीच रुपयांचा फरक पडतो. मधल्या प्रत्येकाने आपला नफा टक्क्यांनी मोजत गेल्यामुळे तो दुप्पट झाला असे धरले, तरी १९९ चा टी-शर्ट २०४ रुपयांना पडेल.

या हिशेबाचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. कामगाराला न्याय्य वेतन दिले तर गरिबाला कपडा परवडणार नाही, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. अंक त्याला दुजोरा देत नाहीत. पाच रुपयांच्या वाढीने होळीच्या बाजारातील खरेदी अडणार नाही. परंतु महिन्याला तीन हजार रुपयांच्या वाढीने शिवणाऱ्या बाईचे घर सावरू शकेल.

सुरतेचा शेजार

नंदुरबार जिल्ह्याचा कपड्याच्या व्यापाराशी असलेला संबंध आजचा नाही. सुरत आणि बऱ्हाणपूर यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर नंदुरबार वसलेले आहे. पुढे तापीच्या खोऱ्यातून सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग झाला आणि हा संबंध अधिक दृढ झाला. नवापूरचे रेल्वे स्थानक तर महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या हद्दीत विभागलेले आहे. अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल या गिरण्यांनी एके काळी खानदेशातील कापसाला खानदेशातच बाजारपेठ मिळवून दिली होती. तो काळ मागे पडला.

आज या भागाची मोठी कापडपेठ म्हणजे सुरत. तेथील कापड प्रामुख्याने पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचे असते. ते सुती कापडाहून स्वस्त पडते, लवकर वाळते, चुरगळत नाही आणि टिकतेही. मात्र घाम शोषून घेत नाही. आठवडे बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त साड्यांतही या कापडाचा मोठा वाटा असतो. कापूस पिकविणाऱ्या मुलखातील माणूस खनिज तेलापासून बनलेला धागा अंगावर घालतो, ही विसंगती मनाला खटकणारी असली तरी तिचे कारण भावातच आहे.

सुरतेतील उधना, लिंबायत, नवागाम-दिंडोली या वस्त्यांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कापड बाजारातील हमाली, दुकानांतील नोकरी, रंगाईच्या गिरण्या व यंत्रमाग या निरनिराळ्या कामांत त्यांतील अनेकांनी आपला जम बसविला. घरी बसून साडीला लेस लावणे, टिकल्या व खडे चिकटविणे, धागे कापणे ही कामे स्त्रिया नगावर करतात. या कामाला ना वेळेचे बंधन असते, ना हजेरीपट. त्यामुळे घरातील लहान मुलांचे हातही त्याला लागतात. साडीच्या किमतीत हे श्रम दिसत नाहीत आणि पुष्कळदा ते करणाऱ्या स्त्रीलाही आपण कामगार आहोत याची जाणीव नसते.

मुंबईच्या गिरणी उद्योगाचा इतिहास येथे स्मरणात ठेवण्याजोगा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपानंतर गिरण्यांची पीछेहाट झपाट्याने झाली आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी व सुरत येथील यंत्रमागांकडे कापडाचे उत्पादन अधिकाधिक वळले. यंत्रमागाचे कापड स्वस्त पडण्याचे कारण केवळ यंत्रात नव्हते. लहान लहान शेडमध्ये विखुरलेल्या या धंद्याला गिरणीसारखी निश्चित पाळी, भविष्य निर्वाह निधी, रजा आणि संघटना यांचा खर्च पुष्कळ ठिकाणी सोसावा लागत नव्हता. स्वस्ताईचा एक भाग असा कामगाराच्या संरक्षणातून वजा झालेला होता.

राणा प्लाझाचा धडा

हा प्रश्न एका जिल्ह्याचा वा एका देशाचा नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळील साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या इमारतीतील कारखान्यांत युरोप व अमेरिकेतील दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवले जात होते. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. परंतु शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. मालाची तारीख चुकली तर मागणी रद्द होईल, ही धास्ती कारखानदारांना होती आणि एका दिवसाचा पगार बुडेल, ही धास्ती कामगारांना. त्या वेळी तेथील किमान वेतन महिन्याला ३,००० टका होते.

या दुर्घटनेनंतर मे २०१३ मध्ये खरेदीदार कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. केवळ सदिच्छेचे पत्रक न राहता तो बंधनकारक होता. त्यानुसार शेकडो कारखान्यांची तपासणी होऊन दुरुस्त्या करण्यात आल्या. त्याच वर्षाअखेर किमान वेतन ५,३०० टक्यांवर नेण्यात आले. एवढे होऊनही बांगलादेशाचा कपड्यांचा व्यापार बुडाला नाही. पुढील वर्षांत त्याची निर्यात वाढतच गेली. सुरक्षिततेवर आणि वेतनावर खर्च केला तर धंदा परक्याच्या हाती जाईल, ही भीती सर्वस्वी खरी नसते, असा या उदाहरणाचा बोध आहे.

पर्यावरणाच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथील रंगाई कारखान्यांमुळे नोय्यल नदी दूषित झाल्यावरून मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते बंद करण्याचा आदेश दिला होता. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था केल्यावरच ते काम पुन्हा मार्गी लागले. सुती टी-शर्टला सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा नेहमी सांगितला जातो. तो जागतिक सरासरीचा अंदाज आहे. महाराष्ट्रातील बहुतांश कापूस कोरडवाहू असून तो पावसाच्या पाण्यावर येतो. म्हणून आपल्याकडे कापूस किती पाणी पितो यापेक्षा रंगाईनंतरचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

उपाय कोणाच्या हाती?

या साखळीत ज्याच्या हाती अधिक सत्ता, त्याच्यावर अधिक जबाबदारी, हे सूत्र मान्य केले तर उपायांचा क्रमही निश्चित होतो. पहिली जबाबदारी मोठ्या खरेदीदाराची. दर, मुदत आणि नगांची संख्या तोच ठरवितो. आठ दिवसांचे काम चार दिवसांत मागावयाचे आणि जादा तासांबद्दल कारखानदाराला दोष द्यावयाचा, हे न्यायाचे नव्हे.

दुसरी जबाबदारी कायद्याची आणि त्याच्या अंमलबजावणीची. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यासह चार जुने कायदे तीत सामावले गेले असून, नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचे संरक्षण आहे. घरी बसून टिकल्या लावणाऱ्या स्त्रीपर्यंत आणि कापूस वेचणाऱ्या मजुरापर्यंत हे संरक्षण पोहोचणे, हीच या संहितेची खरी कसोटी ठरेल.

तिसरा मोठा खरेदीदार म्हणजे स्वतः शासन. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत गणवेश दिले जातात. एका गणवेशासाठी ३०० रुपये याप्रमाणे दोन गणवेशांना ६०० रुपये असा हिशेब समग्र शिक्षा योजनेत आहे. २०२४-२५ मध्ये कापडाची एकत्रित खरेदी करून शिलाईचे काम महिला बचत गटांकडे देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. तीत आलेल्या अडचणी ध्यानात घेऊन २०२५-२६ पासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. पद्धत कोणतीही असो, ३०० रुपयांत कापड आणि शिलाई दोन्ही बसवावयाची म्हटल्यावर कापडाचा पोत घसरतो किंवा शिवणाऱ्या भगिनीची मजुरी घसरते. राज्याच्या २०२३-२८ च्या एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरणांतर्गत अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी देण्याची योजना आली. तिची साडी यंत्रमागावर विणली जाते. तेथेही हाच विचार लागू पडतो. शासनाने घेतलेला कपडा टिकाऊ असावा आणि तो विणणाऱ्या-शिवणाऱ्याला रास्त दाम मिळावे, ही अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे.

चौथी गोष्ट जिल्ह्याच्या विकासाची. कापूस येथे पिकतो. जिनिंगचे कारखाने आहेत. शहाद्यास लोकनायक जयप्रकाश नारायण शेतकरी सहकारी सूतगिरणी आहे. नवापूरच्या औद्योगिक क्षेत्रात, सुरत जवळ असल्यामुळे, कापड विणणारे उद्योग आले आहेत. परंतु तयार कपडे मात्र बहुतांशी बाहेरून शिवून येतात. कापसापासून कपड्यापर्यंतच्या मार्गात सर्वांत अधिक हातांना काम देणारा टप्पा शिलाईचा असतो आणि नेमका तोच टप्पा जिल्ह्याबाहेर राहिला आहे. प्रशिक्षण, शिवणयंत्रांसाठी कर्ज आणि गणवेशासारख्या खात्रीच्या मागणीची जोड मिळाली, तर हे काम तळोदे-अक्कलकुव्याच्या स्त्रियांना घराजवळ मिळू शकेल. हंगामी स्थलांतराला त्यामुळे एकदम आळा बसेल असे नव्हे. पण काही घरांतील मुले तरी शाळेच्या पटावर वर्षभर राहतील.

शेतकऱ्याच्या पातळीवरही काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याचे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण आधारभूत दर मिळतो. त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल घेतला जात नाही. तेव्हा कापूस नीट वाळवून, पहिल्या वेचणीचा व शेवटच्या वेचणीचा माल वेगळा ठेवून आणि खरेदीसाठीची नोंदणी वेळेवर करून शेतकऱ्याने हक्काचा दर पदरात पाडून घ्यावा.

ग्राहकाने काय पाहावे?

ग्राहकाच्या हाती फार मोठी सत्ता नसली तरी तो अगदीच असहाय नाही. कपडा घेताना केवळ रंग व किंमत न पाहता तो उलटा करून शिवण पाहावी. टाके दाट आहेत काय, शिवणीला पुरेसे कापड सोडलेले आहे काय, काज-बटणे पक्की आहेत काय, हे तपासण्यास पैसे पडत नाहीत. कापड उजेडात धरले असता विरळ दिसले तर ते लवकर विरणार हे उघड आहे. चिठ्ठीवर धाग्याचा प्रकार वाचावा; सुती म्हणून मिश्र धाग्याचा माल गळ्यात पडणार नाही. पावती घ्यावी, म्हणजे माल सदोष निघाल्यास दाद मागता येते. लहान मुलांच्या कपड्यांना आत दुमड ठेवून शिवून घेण्याची आणि उसवलेले वेळीच सांधण्याची जुनी रीत आजही लाभाचीच आहे. आणि ज्याला परवडते त्याने केवळ स्वस्त मिळते म्हणून दहा कपडे घेऊन कपाटात टाकण्यापेक्षा चार चांगले घ्यावेत. संयमाचा हा उपदेश त्याच्यासाठी आहे. भोंगऱ्या बाजारात मुलासाठी सदरा शोधणाऱ्या पित्यासाठी नाही.

स्वस्त कपडा गरिबाला मिळालाच पाहिजे. मात्र तो दुसऱ्या गरिबाच्या मजुरीतून स्वस्त झालेला असता कामा नये. या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत असे वरवर वाटते. परंतु टी-शर्टमागच्या चार-पाच रुपयांचा प्रश्न नीट सोडविला तर त्या एकत्र नांदू शकतात, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. नंदुरबारच्या कापूस उत्पादकाला आधारभूत दर, वेचणाऱ्या व शिवणाऱ्या स्त्रीला रास्त मजुरी आणि होळीच्या बाजारात प्रत्येक मुलाला टिकाऊ नवा कपडा, ही तिन्ही उद्दिष्टे एकाच वेळी नजरेसमोर ठेवून खरेदीदार, शासन आणि नागरिक यांनी पावले टाकल्यास ती आवाक्याबाहेरची नाहीत.